मदतनीसाचे तास कमी केले, आता काय करायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीत म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेला ठेवतेय. विशेष गरजा असलेल्या मुलांना वर्गात मदत करायला जी व्यक्ती असते, कुणी तिला शॅडो टीचर म्हणतं, कुणी क्लासरूम असिस्टंट, आपण साधं मदतनीस म्हणू. तर शाळा आता या मदतनीसांच्या वाटपाचा आढावा घ्यायला लागल्यात, त्यात कुणाचे तास कमी होतायत, कुणाला नव्याने मिळतायत, आणि आईवडील, शिक्षक, मदतनीस सगळेच टेन्शनमधे आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. वर्गात त्याच्यासोबत पूर्णवेळ मदतनीस होत्या आणि त्यामुळे तो खूपच सुधारला, आधी वर्गातून पळून जायचा ते बंद झालं, वही पूर्ण करायला लागला. परवा शाळेने आढाव्याची मीटिंग घेतली आणि सांगितलं की तो आता छान सेटल झालाय, पुढच्या सत्रापासून मदतनीस अर्धाच वेळ मिळेल. मी म्हटलं अहो तो सेटल झालाय तो मदतनीस आहेत म्हणूनच ना! त्यावर म्हणाले जास्त मदतीने मुलं परावलंबी होतात. हे खरं आहे का? मी भांडू की मान्य करू?

उत्तर : गप्प बसून मान्य तर अजिबात करू नका, पण भांडायच्या आधी जरा थांबा, कारण तुमचंही बरोबर आहे आणि शाळेच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

आधी तुमचं. 'सेटल झालाय म्हणून तास कमी' हे कारण पुरेसं नाहीच. चष्मा लावल्यावर फळा नीट दिसायला लागला म्हणून कुणी चष्मा काढून घेत नाही. मदत असताना मूल कसं वागतं यावरून मदत नसताना ते कसं वागेल हे कळत नाही, ते कळायला तसं बघावं लागतं, मुद्दाम ठरवून, थोडा थोडा वेळ, वेगवेगळ्या तासांना. तसं कुणी बघितलं का, हा तुमचा पहिला प्रश्न असू दे. बघितलं असेल तर कोणत्या विषयाच्या तासाला, किती वेळ, आणि काय दिसलं ते लेखी मागा. एकदा दारातून डोकावून 'मस्त बसलाय की' असं म्हटलं असेल तर तो आढावा झाला नाही, आणि हे तुम्ही शांतपणे पण स्पष्ट सांगू शकता.

आता त्यांचं. परावलंबी होण्याचं जे म्हणाले ते उगाच नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले मायकल जियानग्रेको आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मधे एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्या दिव्यांग मुलाच्या अगदी शेजारी मोठं माणूस सतत बसलेलं असलं की काय काय होतं ते त्यांनी प्रत्यक्ष वर्गांमधे बघून टिपलं होतं. शिक्षकांना ते मूल आपलं वाटेनासं होतं, बाकीची मुलं जवळ येत नाहीत, मूल प्रत्येक गोष्टीला त्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघायला लागतं, आणि स्वतःचं स्वतः ठरवणं राहूनच जातं. यात मदतनीसांचा दोष नाही, त्या बिचाऱ्या जीव तोडून काम करत असतात, त्यांना जिथे आणि जसं बसवलं जातं त्याचा हा परिणाम आहे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हे होतंय का ते ओळखायची एक खूण सांगते. समजा गणिताची वही उघडलीय, पाच उदाहरणं आहेत. मूल पहिलं करतं, पेन्सिल थांबते, मान वळते, मदतनीस म्हणते 'हं, पुढचं', मग दुसरं. परत पेन्सिल थांबते, परत मान वळते. आता बघा, त्याला गणित येतंय! अडतंय ते एक संपलं की दुसरं आपलं आपण सुरू करण्यात. इथे त्याला बाजूला माणूस नकोय, वहीच्या कडेला पाच चौकोन हवेत, एक झालं की एक टिक. आणि हेच मूल सुट्टीत मैदानावरच्या गोंगाटात कानावर हात ठेवून भिंतीला चिकटून उभं असेल तर तिथे चौकोन काढून भागणार नाही, तिथे माणूसच हवं, आणि गंमत म्हणजे बहुतेक शाळांमधे सुट्टीतच मदतनीसांची सुट्टी असते.

म्हणून 'अर्धा वेळ' या शब्दावर अडून बसा. कुठला अर्धा? दुपारपर्यंतचा, कारण ते शाळेला सोयीचं आहे? की त्याला जिथे जिथे अडतं ते सगळे तुकडे मिळून अर्धा? मला विचाराल तर आढाव्याच्या मीटिंगमधे टेबलावर मुलाचं पूर्ण दिवसाचं वेळापत्रक हवं आणि प्रत्येक तासापुढे तीनच गोष्टी लिहिलेल्या हव्यात : इथे त्याचं आपलं आपण काय होतं, कुठे अडतं, आणि अडल्यावर नक्की कुठली मदत लागते. हे एकदा डोळ्यासमोर आलं की अर्धा वेळ पाव वेळ हा वाद बराचसा आपोआप मिटतो, कधी कधी तास कमी झाले तरी आईचं समाधान होतं कारण नेमक्या जागी मदत राहिलेली असते.

कमी करायचं ठरलंच तर एकदम नको. त्याला सगळ्यात सोप्या जाणाऱ्या तासापासून सुरुवात, आधी मदतनीसाची खुर्ची दोन हात मागे, मग दुसऱ्या बाकापाशी, मग वर्गाच्या मागच्या टोकाला, आणि हे जमलं की मग वर्गाबाहेर. तोंडी सूचना सगळ्यात चिवट असतात, माणूस लांब बसला तरी तिथून 'लिही लिही' चालूच राहतं, म्हणून बोलण्याच्या जागी चित्र, खूण, यादी यायला हवी. आणि काय दिसलं तर मदत परत वाढवायची तेही आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ पळून जाणं परत सुरू झालं, सकाळी शाळेत जायला रडू लागला, वही कोरी राहायला लागली. नवीन वर्ग, नवीन शिक्षक आणि मदतनीस कमी हे तिन्ही एकाच वेळी करू देऊ नका, ऑटिझम असलेल्या मुलाला त्यातला एक बदल पेलतानाच दमछाक होते. आणि त्याला स्वतःला आधी सांगा, चित्रांच्या वेळापत्रकात दाखवून सांगा, कुठल्या तासाला ताई आहेत आणि कुठल्या तासाला नाहीत.

अजून एक, पैसे नाहीत हे उत्तर आलं तर लक्षात ठेवा की संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं कलम २४ शिक्षणाबद्दलच आहे आणि त्यात प्रत्येकाच्या गरजेनुसार आधार द्यायची गोष्ट स्पष्ट लिहिलीय. ज्या देशांनी तो करार मान्य केलाय त्यांच्यावर ते बंधनकारक आहे. मीटिंगमधे कलम फेकून मारायचं नाही, पण तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात हे तुमच्या मनाशी पक्कं असलं की आवाज आपोआप स्थिर राहतो.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. आमच्याकडे विशेष गरजा असलेली १२ मुलं आणि मदतनीस ५. प्रत्येक पालकाला एकास एक मदतनीस हवा आहे. आतापर्यंत ज्याच्या रिपोर्टवर निदान मोठं त्याला आधी असं वाटप करत आलो, पण आढावा घेताना लक्षात येतंय की काहीतरी चुकतंय. कशावर ठरवावं?

उत्तर : सर, निदानाचं नाव बघून ठरवायचं तेवढं सोडा, निम्मं काम तिथेच होईल. डाऊन सिंड्रोम असलेली दोन मुलं शेजारी बसवा, एकाला दिवसभर कुणी लागत नाही आणि दुसऱ्याला बाथरूमपासून मदत लागते. कागदावर दोघांचं नाव एकच.

पहिल्यांदा ज्यात तडजोड होऊ शकत नाही ते बाजूला काढा. गिळायला त्रास आहे, व्हीलचेअरवरून उचलून बसवावं लागतं, फिट्स येतात, डायबेटिसमुळे शाळेत इन्सुलिन आणि शुगर बघावी लागते, बाथरूमला मदत लागते. हे तास कमी करायच्या यादीत येताच कामा नयेत, इथे स्वावलंबनाचं भाषण कुणी करू नये. इथे शिकवलेलं माणूस हवं, फिट पाच मिनिटांच्या वर चालली तर ती इमर्जन्सी आहे हे माहीत असलेलं माणूस हवं, आणि ते माणूस रजेवर गेलं तर त्या दिवशी कोण, हेही ठरलेलं हवं. बहुतेक वाटपं याच ठिकाणी उघडी पडतात, मदतनीस आजारी म्हणून पालकांना फोन की आज मुलाला पाठवू नका. हे होऊ देऊ नका सर, त्या मुलाची शाळा मदतनीसाच्या तब्येतीवर अवलंबून ठेवणं बरोबर नाही.

मग राहिलेले तास एका मोठ्या कागदावर मांडा, उभी मुलं, आडवे तास. लगेच दिसेल की ठराविक वेळांना सगळ्यांनाच मदत हवी असते, शाळेत येताना, एका वर्गातून दुसरीकडे जाताना, प्रयोगशाळेत, मैदानावर, आणि काही तासांना जवळजवळ कुणालाच नको असते. तिथे माणसं हलवता येतात. काही ठिकाणी वेळापत्रकच हलवता येतं, दोन वर्गांचा प्रॅक्टिकलचा तास एकाच वेळी कशाला? आणि काही ठिकाणी माणसाऐवजी दुसरंच काही लागतं : पाठ वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मोठ्या अक्षरातला कागद, पंख्याच्या आवाजापासून लांबची जागा, परीक्षेत जास्तीचा वेळ.

गप्प बसणाऱ्या मुलांकडे मात्र मुद्दाम बघा, माझी ही कळकळीची विनंती आहे. बाक आपटणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, त्याला मदतनीस मिळतो. मागच्या रांगेत मान खाली घालून फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणारी आणि एक अक्षर न समजलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही, म्हणून वाटपात तिचं नाव येत नाही. तिला पूर्णवेळ कुणी लागतही नाही, तिला वाचनाची नेमकी मदत लागते. इंग्लंडमधली एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन म्हणून संस्था आहे, शिक्षणातलं संशोधन तपासून शाळांना सल्ला देते, त्यांनी २०१५ मधे मदतनीसांच्या कामाबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यात हेच आहे की प्रशिक्षण दिलेल्या मदतनीसाने ठरवून दिलेल्या पद्धतीने छोटी छोटी सत्रं घेतली, आठवड्यातून ३ ते ५ वेळा, साधारण ८ ते २० आठवडे, तर त्याचा चांगला उपयोग दिसतो. म्हणजे एकच मदतनीस दोन-तीन गप्प मुलांसाठी दिवसातला थोडाच वेळ देऊन बरंच करू शकतो.

आणि आढाव्याचा निर्णय पालकांना सांगताना तो मोठा कागद दाखवा, दुसऱ्या मुलांची नावं झाकून. पालक चिडतात ते बहुतेक वेळा नकारामुळे नाही, बंद दाराआड ठरलं म्हणून चिडतात.

प्रश्न : ताई, मी स्वतः मदतनीस आहे. तासाला काय शिकवणार हे मला तास सुरू झाल्यावरच कळतं, मुलाबरोबर मीही पहिल्यांदाच ऐकत असते. आता आढाव्यात लिहिलंय की मुलाची अपेक्षित प्रगती झाली नाही. फार वाईट वाटलं. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही जे लिहिलंय ना, त्यावर मोठं संशोधन झालंय, आणि ते तुम्ही तुमच्या मुख्याध्यापकांना सांगावं असं मला वाटतं. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधे पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या टीमने २००३ ते २००८ या काळात इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांचा अभ्यास केला. सुमारे ८,२०० मुलांची प्रगती बघितली तर मदतनीसाची जास्त मदत मिळालेली मुलं, तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा मागे राहिलेली दिसली. ऐकून धक्का बसतो, पण पुढचं महत्त्वाचं आहे : मुलांच्या अडचणींचा फरक लक्षात घेतल्यावरही हे दिसलं, आणि संशोधकांनी मदतनीसांना दोषी ठरवलं नाही. त्यांनी बोट ठेवलं ते तीन गोष्टींवर, मदतनीसांना तयारीचा वेळच मिळत नाही, सगळ्यात कठीण मुलांना शिक्षकाऐवजी तेच शिकवत बसतात, आणि वही पूर्ण करून घेण्याच्या घाईत मूल विचार करायचं राहून जातं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. तेव्हा जीवाला लावून घेऊ नका.

जे मागायचं ते मागा : तासाच्या आदल्या दिवशी पाच ओळींची चिठ्ठी, या तासात मुलाला काय कळायला हवं, नवीन शब्द कुठले, आणि माझं काम काय. एवढंच. मीटिंग वगैरे नको, फोनवर मेसेज केला तरी चालेल.

आणि जे तुमच्या हातात आहे ते म्हणजे थांबणं. मेरी बड रो म्हणून अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांब आणि चांगली होतात. ही नेहमीच्या मुलांची गोष्ट झाली, आपल्या मुलांना त्याहून जास्त वेळ लागतो. मूल अडलं की पहिलं काहीच करू नका, मनात हळूहळू दहा मोजा. मग 'आता काय करायचं असतं?' एवढंच विचारा. तरी नाही जमलं तर एक छोटा धागा द्या, 'काल आपण कुठे बघितलं होतं?' मग स्वतः एक करून दाखवा, पुढचं त्याला करू दे. उत्तर सांगणं अगदी शेवटी. कुठल्या पायरीवर त्याचं काम झालं ते रोज एका ओळीत टिपून ठेवा. पुढच्या आढाव्याला ती वही घेऊन बसा, जून महिन्यात प्रत्येक ओळ लिहून द्यावी लागत होती आणि आता नुसतं विचारलं तरी पुरतं, हे त्या वहीत दिसेल, आणि प्रगती याहून वेगळी काय असते?

प्रश्न : मी वर्गशिक्षिका आहे. वर्गात एक मुलगी आहे, कमी ऐकू येतं तिला, यंत्र आहे. बाकीची मुलं तिला काही विचारायचं असलं तरी मदतनीसाला विचारतात. मीसुद्धा तेच करते हे लक्षात आलं.

उत्तर : लक्षात आलं हे फार चांगलं. उद्यापासून तुम्ही तिच्यासमोर उभं राहून, तोंड दिसेल असं, थेट तिच्याशी बोला, मुलं तुमचं बघूनच शिकतात. मदतनीसाला कुणी विचारलं की तिने हसून 'तिलाच विचार' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. आणि दिवसातला एक तास अदलाबदल करा, मदतनीस सगळ्या वर्गात फिरेल, कुणाची वही बघेल, कुणाची शंका, आणि त्या वेळात तुम्ही त्या मुलीपाशी बसा. शिकवायचं प्रशिक्षण तुमचं झालंय, मग तुमचा वेळ तिच्या वाट्याला का येऊ नये? १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्या शाळांनी सामावून घ्यायचं असं ठरलं, त्यात शाळेने मुलाप्रमाणे बदलायचं हे अपेक्षित होतं, वर्गाच्या कोपऱ्यात दोन माणसांची वेगळी शाळा भरवणं नव्हे.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे. आढावा होणार म्हणून आम्ही पूर्ण तासांसाठी अर्ज तयार केलाय आणि आता ही म्हणते मला मदतनीस नकोच. नसेल तर ती वर्गात लिहू शकणार नाही, बाथरूमला जाऊ शकणार नाही. कसं समजवायचं?

उत्तर : समजवायच्या आधी तिला विचारा ना बाबा, की नक्की काय नको. तेराव्या वर्षी 'नको' म्हणजे सगळंच नको असतं असं नाही. मैत्रिणी बोलत असताना मधे मोठं माणूस बसलेलं नको असेल. सगळ्यांसमोर 'बाथरूमला जायचंय का' असं मोठ्याने विचारलेलं नको असेल. मदतनीस पुरुष आहे का? जियानग्रेकोंच्या त्याच अभ्यासात एक गोष्ट होती जी कुणाच्या लक्षात येत नाही, की मुलाला मुलगा म्हणून आणि मुलीला मुलगी म्हणून वागवणं अशा मदतीत हरवतं, कुठल्या बाथरूमला न्यायचं तेसुद्धा मदतनीस कोण आहे त्यावर ठरतं. तुमच्या मुलीला हे बोलता येत नसेल, म्हणून ती एकच शब्द वापरतेय.

तर एक संध्याकाळ काढा, आईने बसलं तर अजून बरं, आणि तिच्या दिवसाचं वेळापत्रक तिच्याच हातात द्या. कुठे हवी, कुठे नको, कुठे 'मी बोलावलं तरच' हे तिने खुणा करू दे. लिहिण्यासाठी लॅपटॉप, बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर किंवा मैत्रिणीच्या नोट्सची कॉपी चालतेय का ते बघा, चालली तर लिहिण्याचे तास खरंच सुटतील. बाथरूमसाठी स्त्री मदतनीस, ठरलेल्या वेळा, आणि गरज लागली तर तिने द्यायची एक खूण जी फक्त दोघींना माहीत. मग अर्जात तुम्ही लिहिलेले पूर्ण तास खोडून तिने मागितलेले तास लिहा, आणि शाळेला सांगा की आढाव्याच्या मीटिंगला ती स्वतः येणार आहे, तिच्या व्हीलचेअरला जाता येईल अशी खोली ठेवा, आणि बोलायला तिला वेळ लागतो म्हणून मीटिंगची वेळ दुप्पट ठेवा.